दुबईतला फ्लॅट: पुणेकरांनी घ्यावा का?

औंधकर
पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांत दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शनं भरतात आणि तिथे ‘भाडं करमुक्त’ असं सांगितलं जातं. ही अर्धी गोष्ट झाली. कर तिथे नाही. आपण भारतात रहिवासी आहोत, म्हणून ते भाडं इथल्या विवरणपत्रात येतं आणि 30 टक्के प्रमाणित वजावटीनंतर आपल्या स्लॅबने कर लागतो. ज्याच्या पहिल्या घराचे हप्ते चालू आहेत, त्याने या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबी
असहमत. पुण्यात बांधकाम चालू असलेला एक कोटीचा फ्लॅट घ्या. मुद्रांक शुल्क 7 लाख, नोंदणी 30 हजार, जीएसटी 5 लाख. दारात पाय ठेवण्याआधी 12.3 लाख गेले. दुबईत 10 लाख दिरहमच्या फ्लॅटला भूमी विभागाचे 4 टक्के, म्हणजे 40 हजार. दलाली साधारण 2 टक्के आणि त्यावर 5 टक्के व्हॅट धरून 21 हजार. एकूण 6.1 टक्के. शिवाय 1997 पासून दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, म्हणजे रुपया घसरला की आपला फायदा.

औंधकर
जीएसटी भोगवटा पत्र मिळालेल्या घराला लागत नाही, आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे. तेवढं धरलं की तुमचा फरक जवळपास मिटतो.

आता तुमचंच उदाहरण. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, म्हणजे 9.18 लाख दिरहम. दहा लाखांचा तयार फ्लॅट एकट्याच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसतच नाही! नवरा-बायको पैसे एकत्र करणार असतील तर दोघांचीही नावं खरेदीखतात हवीत.

सदाशिवपेठी
(कराचं काम रोजचं आहे, म्हणून लिहितो.) पैसे पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापते: वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के. एक कोटी पाठवले तर 18 लाख. तो आपल्या करात वळता होतो, पण परतावा येईपर्यंत रक्कम अडकते. ती बाजूला न ठेवल्याने पुढचा हप्ता चुकतो, हे फार होतं.

दुसरी चूक जास्त महागात जाते. ‘ताबा नाही, मग दाखवायचं काय?’ असं म्हणून लोक विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, नोंदच करत नाहीत. बुकिंगपासूनचा हक्कही दाखवायला हवा. काळा पैसा कायद्याखाली दंड 10 लाख रुपयांचा आहे. 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला 2024 मध्ये सूट दिली, तीतून स्थावर वगळली आहे.

हिशेबी
टीसीएसचं मान्य, पैसे अडकतात. पण हप्ते दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागले की मर्यादेची अडचण सुटते. आणि पुण्यात भाडं किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास मिळतं. तेवढ्यासाठी इथेच पैसे का कोंडायचे?

औंधकर
हप्ते विभागा, पण ताब्यानंतरही चालणारी योजना घेऊ नका. ती परदेशी बिल्डरची उधारी ठरू शकते, सीएचं लेखी मत आधी घ्या. इथल्या बँकेकडून कर्ज काढूनही हे पैसे पाठवता येत नाहीत. आणि मधेच हप्ते थांबले तर? काम 60 टक्क्यांपुढे गेलं असेल तर बिल्डर ठरलेल्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. भाड्याच्या आकड्यातूनही वार्षिक सर्व्हिस चार्ज वजा करा. 700 चौरस फूट, फुटाला 15 दिरहम धरा: साडेदहा हजार दिरहम, घर रिकामं असलं तरी.

सदाशिवपेठी
तरीही घ्यायचंच असेल तर स्टॉलवर क्रेडिट कार्ड पुढे करू नका. बँकेत ए-2 फॉर्म भरून, कारण ‘स्थावर खरेदी’ लिहून, रक्कम थेट प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्या प्रकल्पासाठी राखलेल्या खात्यात, पाठवा. खात्याचं नाव प्रकल्पाचं आहे की बिल्डरच्या दुसऱ्याच कंपनीचं, ते करारावर बोट ठेवून वाचा. आणि भूमी विभागाकडची ‘ओकूद’ नोंद, म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घराच्या खरेदीची नोंद, आपल्या नावाची झाल्याचं पाहिल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका.