'ओव्हररेटेड' सिनेमाला मराठीत काय म्हणाल?

कातळफूल:
परवा घरात एक वाद झाला आणि त्यातून हा प्रश्न डोक्यात बसलाय तो निघेना, म्हणून इथे विचारते. मे महिना, मुंबईचे चुलतभाऊ आलेत, संध्याकाळी आम्ही सगळे खळ्यात बसून आंबा निवडत होतो. मोठं फळ एकीकडे, मध्यम एकीकडे, डागी बाजूला, आणि काका पेटीत पेंढा घालून थर लावत होते. बोलता बोलता सिनेमांचा विषय निघाला आणि धाकटा भाऊ म्हणाला, शोले ओव्हररेटेड आहे. काकांच्या हातातला आंबा हातातच राहिला. मग जे सुरू झालं ते जेवणाची पानं घेईपर्यंत, तू जन्मला नव्हतास तेव्हाचं तुला काय कळणार, नाही पण काका तीन तास जास्तच होतात, वगैरे वगैरे.

आजी मध्येच म्हणाली, "म्हणजे काय रे ता, ओव्हर काय ता?" आणि मला सांगता येईना. मी शाळेत मराठी शिकवते हो, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, आजी, वाजवीपेक्षा जास्त नावाजलेला. ती म्हणाली, "मगे तसा सांग ना, लोकांनी उगाच डोक्यार घेतल्यानी. त्यात शिनेमाची काय चूक?"

हे तिचं शेवटचं वाक्य मला रात्रभर पुरलं. इंग्रजी शब्द सिनेमाला चिकटतो, शोले असा असा आहे, जणू तो त्याचा गुणच, लांबी-रुंदीसारखा. आजीच्या वाक्यात सिनेमा बिचारा नुसता आहे, जे काय केलं ते लोकांनी केलं. रात्री वहीत आठवतील ते शब्द लिहून काढले तर सगळे तसेच निघाले. डोक्यावर घेणे, उदो उदो करणे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे, हवा करणे, स्तोम माजवणे. सगळी क्रियापदं, आणि प्रत्येकाला कर्ता लागतो, कोणीतरी हे केलं पाहिजे. विशेषण म्हणून एक धड शब्द मिळेना. पेपरात कधीतरी 'अतिमूल्यांकित' वाचलंय, पण तो शब्द आमच्या खळ्यात कोणी बोलेल असं मला तरी वाटत नाही.

'नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा', 'बडा घर पोकळ वासा' ह्या म्हणी आठवल्या पण त्या बसत नाहीत असं माझं मत. त्यात आत काहीच नाही असं म्हणायचं असतं. शोले ओव्हररेटेड म्हणणारा माझा भाऊसुद्धा तो वाईट आहे म्हणत नव्हता, चांगला आहे पण एवढा नाही, असं त्याचं म्हणणं. ह्या 'एवढा नाही'ला एक शब्द हवाय. तुमच्याकडे काय म्हणतात?

पेटीवाला:
ताई, तुम्ही आंबा निवडत होतात आणि शब्द पेपरात शोधताय. ओव्हररेटेडमधला रेट म्हणजे आपला बाजारातलाच रेट की. आमच्यात ह्याला सरळ 'पहिल्या पेटीचा भाव' म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत वाशीला हंगामाची पहिली पेटी जाते, हार घालतात, पूजा होते, फोटो येतो, आणि तिला जो भाव मिळतो तो काही चवीचा नसतो, तो नवलाईचा असतो. त्याच झाडाचा, त्याच फांदीचा आंबा एप्रिलात जातो तेव्हा भाव उतरलेला, आणि मेच्या शेवटी पाऊस डोक्यावर आला की तोच कॅनिंगला किलोवर. झाड तेच, आणि खरं सांगायचं तर गोडी बहुतेक वेळा नंतरच्या फळालाच जास्त. सिनेमाचंही तेच आहे, पहिल्या आठवड्यात जो बघून येतो तो पहिली पेटी घेतलेला माणूस, त्याला ती गोड लागलीच पाहिजे कारण पैसे मोजलेत.

मित्र बोलताना 'साका निघाला' पण म्हणतात सिनेमाला, म्हणजे वरून पिवळाधमक, कापल्यावर आत पांढरा स्पंजासारखा. पण तुम्ही म्हणता त्या अर्थाला तो चालणार नाही. साका हा फळातला दोष, उन्हाच्या तापाने होतो, आणि कापल्याशिवाय कळत नाही. साका निघालेल्या आंब्याला अर्धा भाव पण कोणी देत नाही. ओव्हररेटेड आंबा चांगलाच असतो, फक्त भाव त्याच्या पुढे गेलेला असतो. म्हणून मी तरी म्हणेन 'भाव चढलेला' किंवा 'चढ्या भावाचा' सिनेमा.

रापण:
एवढं कशाला, ओव्हररेटेड हाच शब्द आता मराठी झालाय, मालवणात बंदरावरची पोरं पण बोलतात, मासे ओव्हररेटेड, हॉटेल ओव्हररेटेड. टेबल, बस, तिकीट आपण घेतले तसा हा घ्यायचा.

आणि माझं प्रामाणिक मत म्हणजे निम्मे लोक हा शब्द 'मला नाही आवडला' एवढ्याच अर्थाने वापरतात. 'मला नाही आवडला' म्हटलं की आपल्या अंगावर येतं, तुला कळला नाही असं कोणी पण म्हणू शकतं. ओव्हररेटेड म्हटलं की जबाबदारी दुसऱ्यांवर. मी पण टायटॅनिकला हेच म्हणत आलोय, आणि मी तरी कारण देतो, ११ ऑस्कर मिळाले पण १४ नामांकनांत पटकथेचं नामांकन नव्हतं, म्हणजे देणाऱ्यांना पण माहिती होतं की गोष्ट साधी आहे. बोट बुडते तो भाग मात्र आजही लागला की मी उठत नाही, दर्यावर ज्यांची माणसं जातात त्यांना तो भाग बघवत पण नाही आणि सोडवत पण नाही.

खाडीपल्याड:
कातळफूल, तुमच्या यादीतला 'स्तोम' हा शब्द हातचा सोडू नका. मूळ संस्कृतात स्तोम म्हणजे स्तुतीच, 'स्तु' धातूपासून आलेला, वेदात देवतेची जी स्तोत्रं म्हणतात ती स्तोम. मराठीत येता येता त्या स्तुतीला 'माजणे' चिकटलं. रान माजतं, तण माजतं, तसं स्तोम माजतं. म्हणजे शब्दातच सगळं सांगून ठेवलंय, स्तुती ही चांगली गोष्ट, पण बेणलं नाही की ती पिकावर चढते आणि मग खालचं रोपटं दिसेनासं होतं. ओव्हररेटेडला मला ह्याच्याइतका जवळचा शब्द दुसरा दिसत नाही. 'शोलेचं स्तोम माजलंय' म्हटलं की शोले वाईट असं कुठे होत नाही.

आता शोलेवर थोडं, कारण तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा. १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा समीक्षकांनी फार काही बरं लिहिलं नव्हतं, पहिले काही दिवस धंद्याची पण काळजीच होती. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये त्याला एकच पारितोषिक मिळालं, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. मग मुंबईच्या मिनर्व्हाला पाच वर्षांच्या वर चालला. आम्ही गुहागरकडचे, आम्हाला तो कितीतरी उशिरा दिसला, गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे, आरती झाली की मांडवाच्या बाजूला टीव्ही लावायचा आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे. संवाद सगळ्यांना पाठ, पुढचं वाक्य आधी आम्ही बोलायचो आणि मग पडद्यावरचा माणूस. तेव्हा तुमच्या काकांना मी समजू शकतो. त्यांच्या लेखी शोले म्हणजे नुसता सिनेमा नाही, ती रात्र आहे.

आणि भाव चढतो-उतरतो हे पेटीवाल्यांचं म्हणणं जगभर खरं आहे. 'साइट अँड साउंड' म्हणून ब्रिटिश मासिक आहे, ते १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारून सर्वोत्तम सिनेमांची यादी काढतं. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्ज' वर होता, मग १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा 'सिटीझन केन'. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' वर गेला, जो १९५८ ला आला तेव्हा समीक्षकांनी त्याचं फारसं कौतुक केलं नव्हतं. आणि २०२२ ला वर आला शांताल आकेरमान ह्या बाईंचा 'झान दिलमान', साडेतीन तासांना थोडा कमी, त्यात एक बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलते आणि आपण ते सोलणं बघत बसतो. तो १९७५ चा, म्हणजे शोलेच्याच सालचा! यादी आली तेव्हा लगेच अनेकांनी ओव्हररेटेड म्हणून ओरड केली. सिनेमा ४७ वर्षं होता तसाच होता, एक फ्रेम बदलली नव्हती. आजीबाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

माहेरवाशीण:
मी सहसा लिहीत नाही पण इथे लिहावंसं वाटलं. 'श्वास'ला कोणी ओव्हररेटेड म्हटलं की मला आतून त्रास होतो. २००४ मध्ये त्याला सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला ते मिळत होतं, मग तो ऑस्करसाठी भारतातर्फे गेला, आणि तेव्हा जे लोक बघायला आले ते सुवर्णकमळ बघायला आले. त्यांना काहीतरी भव्य हवं होतं. आणि सिनेमात काय आहे, तर कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात बसलेला आहे, पोराच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर डोळे जाणार, आणि ऑपरेशनच्या आधी तो म्हातारा त्याला बाहेर घेऊन जातो, जे दिसतंय ते दिसू दे म्हणून. एवढंच.

माझे वडील आजारी होते तेव्हा आम्ही रात्रीच्या एसटीने असेच शहरात जायचो, हातात पिशवी, पिशवीत रिपोर्ट आणि भाकरी, आणि कोणाला काय विचारायचं ते कळायचं नाही. डॉक्टर बोलायला लागले की वडील माझ्याकडे बघायचे आणि मी जमिनीकडे. त्या आजोबांचं तसं नुसतं बसणं मी थिएटरमध्ये बघितलं आणि मला पुढचं काही दिसेना. शेजारची मंडळी बाहेर पडताना म्हणाली, एवढं काय होतं ह्यात? त्यांना नव्हतं. ठीक आहे. पण त्यांनी 'आम्हाला नाही भिडला' म्हणावं, हा शब्द आहे ना मराठीत, भिडणे. रंगला, भिडला, पोचला, हे शब्द आपल्याकडे आहेत आणि ते खरे आहेत. धयकाल्यात बघा, दशावतारी पार्टीचं नाव कितीही मोठं असू दे, पहाटे उठताना लोक म्हणतात 'आज रंगला नाही'. आज. उद्या दुसऱ्या गावच्या जत्रेत रंगेल. कोणी त्या पार्टीलाच कायमचा शिक्का मारत नाही.

कातळफूल:
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. माहेरवाशीण, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

आज शाळेचे निकालाचे कागद लावता लावता एक गोष्ट सुचली ती मांडते, चुकत असेन तर सांगा. आपण 'गाजलेला सिनेमा' म्हणतो. गाजणे आपोआप होतं, ढग गाजतो तसा. त्याचंच प्रयोजक रूप केलं तर 'गाजवलेला'. गाजलेला आणि गाजवलेला. एका 'व'मध्ये सगळा फरक येतो, कोणीतरी गाजवला म्हणून गाजला. 'सैराट' गाजलेला की गाजवलेला असं विचारलं तर मी तरी गाजलेला म्हणेन, २०१६ च्या मेमध्ये आमच्या गावच्या लग्नाच्या वरातीत दर दहा मिनिटांनी झिंगाट वाजत होतं, ते कोणी पैसे देऊन वाजवायला लावलं नव्हतं.

दुसरा शब्द 'फाजील'. फाजील आत्मविश्वास म्हणतो तिथे इंग्रजीतला 'ओव्हर' अगदी चपखल बसतो. फाजील लाड, फाजील कौतुक. मूळ अरबी, अर्थ जास्तीचं, वरचं. 'फाजील कौतुक झालेला सिनेमा' हे चालेल ना? फक्त आता फाजील म्हटलं की आगाऊ मूल डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे त्यात जरा ओरडा ऐकू येतो, एवढी एक शंका.

खाडीपल्याड:
गाजवलेला चांगला आहे पण अडचण सांगतो. 'त्यांनी रंगभूमी गाजवली', 'गाजवलेली भूमिका', इथे ते कौतुक आहे, कारण गाजवणारा स्वतः नट आहे. सिनेमा गाजवला म्हटलं तर ऐकणारा विचारेल कोणी, नटाने की लोकांनी? म्हणजे परत कर्ता सांगावाच लागणार, 'पेपरांनी गाजवलेला', 'फोनवर गाजवलेला'. आणि मला वाटतं ते बरंच आहे. फाजील कौतुक माझ्याकडून पास.

पेटीवाला:
लोकांनी गाजवलेला असं पूर्ण म्हणायचं. विषय मिटला.

रापण:
मान्य. पण मग डोक्यावर घेणे का सोडताय? आमच्याकडे शिमग्यात पालखी नाचवतात ती खांद्यावर नाहीतर डोक्यावरच, आणि नाचवणाऱ्याला बाजूला उभं राहून कोणी विचारत नाही की देव एवढा जड आहे का. ज्याने खांदा दिलाय त्यालाच वजन माहिती. शोले काकांनी नाचवलेली पालखी आहे. मी टायटॅनिकबद्दल पण आता बोलताना सांभाळून बोलेन.

कातळफूल:
रापण, हे मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, भावाला सांग, तू नको घेऊ डोक्यावर, आम्ही घेतलाय तेवढा पुरे. भाऊ म्हणाला हे चालेल. परत पेटीला बसलेत दोघं.

माहेरवाशीण:
आणि उलट असेल तर? म्हणजे चांगला असून कोणी विचारला नाही असा. 'तुंबाड'सारखा. खेडजवळच्या गावाचं नाव, २०१८ ला आला तेव्हा फार थोड्यांनी बघितला, आणि २०२४ मध्ये परत लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला.

खाडीपल्याड:
झाकलं माणिक. ह्याला मात्र शब्द तयार आहे.

पेटीवाला:
आमच्यात 'अढीतला' म्हणतात. पेंढ्याखाली पडून असतो, वास आल्यावर लोक शोधत येतात.