बांध फुटलेल्या खारशेतीत तिवरं उभी राहिली, आता खांड बुजवायची की खाडीला सोडून द्यायची?

खारेपाटचा_पोर

मंडळी, विषय आमच्या घरचा आहे पण खाडीकाठच्या बऱ्याच गावांचा असेल म्हणून इथे टाकतोय. पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठाला आमचं गाव. नऊ वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या अमावस्येच्या उधाणाला आमच्या बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) खांड, म्हणजे भगदाड पडलं, पहिल्या दिवशी ती माणूस उडी मारून पार होईल एवढी होती, पंधरा दिवसांत होडी आत शिरेल एवढी झाली. अर्ज केले, पंचनामे झाले, खांड काय बुजली नाही. दर भरतीला खारं पाणी आत, भाताची खाचरं गेली, आणि पाण्याबरोबर तिवराची (खारफुटीची) फळं तरंगत आली ती चिखलात बसली. तिसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी रोपं होती, आज माझ्या डोक्यावर गेलीत.

आता नवीन बांधाचं काम मंजूर झालंय म्हणे आणि पुढच्या रविवारी गावात बैठक आहे. माझं मत सरळ सांगतो. जिथे तिवरं वाढलीत तो भाग खाडीचा झाला, तो खाडीला राहू द्या, बांध मागे घ्या आणि मागची शेती नीट वाचवा.

परवा सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळेला मी आत चालत गेलो होतो. जिथे आजोबा रहू टाकायचे (मोड आलेलं बी चिखलात फेकून पेरतात ते) तिथे आता काळा मऊ चिखल आहे आणि तिवराची पेन्सिलीसारखी मुळं हजारोंनी वर आलेली, त्यांच्यावाटे झाड श्वास घेतं. पानाला जीभ लावली तर चक्क मीठ, उन्हात बारीक स्फटिक चमकत होते. मी एका जागी दहा मिनिटं न हलता उभा राहिलो तेव्हा निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) बिळातून वर आल्या, दोन निवट्या तोंडं वासून एकमेकींवर धावत होत्या, पाठीवरचा पंख उभा करून, एका वीतभर जागेसाठी. एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी वरखाली हलवत बसलेले. पलीकडच्या उथळ पाण्यात शंभरेक शेकाटे पक्षी, लालचुटुक लांब पाय. लहानपणी या जमिनीवर मी बगळे सोडून काही बघितलं नव्हतं. हे सगळं नऊ वर्षांत आपोआप आलंय, ते परत गाडून टाकायचं हे मला पटत नाही.

दहा_गुंठे

दादा तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मी पण मनापासून सांगतो, मला हे वाचून त्रास झाला. मी पण खारेपाटातला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला), अलिबागच्या बाजूचा. आमची पण खांड फुटलीय. तुम्ही आजोबांच्या खाचरातले शेकाटे मोजता, माझा बाप अजून त्याच खाचराचा सारा भरतो. सातबारावर आजपण भात लिहिलेलं आहे आणि जागेवर तिवरं. विकायला गेलं तर कोण घेत नाही, कसायला गेलं तर कसता येत नाही, झाड तोडलं तर गुन्हा.

ही जमीन आपोआप झालेली नाही हो. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर चिखलाची ढेपं वाहून बांध घातलेत आपल्या लोकांनी, खाडीच्या तोंडातून एकेक खाचर काढलंय. जोळ (गावाने मिळून बांध राखायची पद्धत) होता तेव्हा घरटी माणूस बांधावर जायचा, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन फिरायचे, चिंबोरीचं बीळ दिसलं की लगेच चिखलाने बुजवायचे कारण बोटाएवढ्या बिळातून सुरू झालेलं पाणी सकाळपर्यंत बांध घेऊन जातं. याच खारेपाटात चरीचा संप झाला, १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी वर्षानुवर्षं जमीन पडीक ठेवली, उपाशी राहिले पण खोतापुढे वाकले नाहीत. एवढं करून जी जमीन हातात आली ती आता निवट्यांना द्यायची?

आणि भात एकटं जात नाही. दारातलं तळं खारं झालं, त्यातला जिताडा मासा गेला. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी पिल्लं आणून सोडायचो, जावई आला की तळ्यातनं जिताडा काढायचा ही आपली रीत. विहिरीचं पाणी मचूळ झालं. बाया आता टँकरची वाट बघतात. हे पण तुमच्या सुकतीच्या फेरीत दिसलं असतं, जरा गावाकडे तोंड केलं असतं तर.

सोनचिखल्या

मी ठाण्याचा, पंधरा वर्षं खाडीवर पक्षी बघतोय. मूळ धाग्याशी मी सहमत आहे पण एक दुरुस्ती. तिवरं आली म्हणजे खाडी सुधारली असं आपण धरून चालतो, आणि वर्तमानपत्रं पण खारफुटी किती चौरस किलोमीटर वाढली तेवढंच छापतात. खाडीकाठ म्हणजे नुसतं झाडांचं जंगल नसतं. खाली उघडी चिखलपट्टी, मग तिवरं, मग त्याच्या मागे जिथे मोठ्या उधाणालाच पाणी चढतं तिथे मोरास, खारं बुटकं गवत, पांढरी फुटलेली मोकळी जमीन. ही मागची पट्टी कोणाच्या नजरेत भरत नाही, तिथे पहिल्यांदा डंपर येतो.

पक्ष्यांचं सांगायचं तर सायबेरियाकडून येणारे चिखल्ये, तुतवार यांना झाडं नको असतात, उघडा चिखल पाहिजे. सुकतीला चिखलात चोच खुपसून किडे खायचे आणि भरतीला चिखल बुडाला की बसायला कोरडी किंवा घोटाभर पाण्याची मोकळी जागा. ती जागा म्हणजे मिठागरं, उरणची पाणजे पाणथळ, आणि खांड फुटलेली तुमच्यासारखी शेतं. ठाणे खाडीत गाळ साचून तिवरं चिखलपट्टीवर पुढे सरकलीत, ते मी डोळ्यांनी बघितलंय. तिथे २०१५ ला रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत) नाव गेलं, चांगलंच झालं. पण रोहित भरतीच्या वेळेला अभयारण्याची हद्द सोडून बाहेरच्या पाणथळीत जाऊन बसतात आणि ती पाणथळ बुजवली तर आतलं अभयारण्य अर्धं निकामी.

म्हणून माझं म्हणणं, शेकाटे दिसले तो उथळ मोकळा भाग जास्त मोलाचा आहे. तो तसाच मोकळा राखा. अजून पाच वर्षांनी तिथे पण तिवरं दाटली की शेकाटे जातील.

दहा_गुंठे

सोनचिखल्या साहेब, म्हणजे आता माझ्या शेतात झाड पाहिजे की नको हे पण पक्षी ठरवणार. राग मानू नका, पण या सगळ्या वाक्यांत माझा बाप कुठे आहे?

वकिलीण_ताई

कायद्याचं थोडं सांगते, कारण बैठकीत यावरूनच भांडण होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला आणि त्यावर भराव टाकायला बंदी घातली, आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. जमीन खासगी आहे म्हणून सूट नाही. सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. त्यामुळे "आधी तोडू मग बघू" असं कोणी बैठकीत म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा, गुन्हा कष्टकऱ्यावर दाखल होतो.

पण दहा_गुंठे यांचं दुखणं खरं आहे. बांध दुरुस्त ठेवला गेला नाही म्हणून झाडं आली, आणि झाडं आली म्हणून आता बांध दुरुस्त करता येत नाही, यात शेतकऱ्याची चूक शून्य. भरपाईची मागणी करायची तर आधी कागद लागतात. खांड कधी पडली, अर्ज कधी दिले, पंचनाम्याच्या प्रती, जुने पीकपाहणीचे उतारे. हे गोळा करा, सगळे मिळून करा.

मानशीकडचा

मी गोव्याचा, दिवाडी बेटाच्या समोर आमचं घर. आमच्याकडे याला खाजन म्हणतात, गोव्यात जवळपास १८,००० हेक्टर आहे. इथे दोन्ही बाजू असं धरून बोलतायत की एकतर बांध नाहीतर खाडी. आमच्या म्हाताऱ्यांनी तसं कधी धरलं नाही. बांधाला मानस असते, तुमच्याकडे उघाडी म्हणतात ना तीच, लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या जोराने आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. आत सखल भागात पाण्याचा पाट ठेवलेला असतो, त्यात मासळी, कोलंबी, खेकडे. वरच्या अंगाला भात, खारेपणा सोसणारं कोरगूट. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मीठ धुवून निघतं मगच पेरणी. आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरांची पट्टी मुद्दाम राखलेली, लाट बांधावर आपटण्याआधी तिथे मोडावी म्हणून.

अर्थात आता आमच्याकडे पण बांध फुटतायत. मानशीवर मासे धरायचा लिलाव होतो, ज्याला ठेका मिळतो तो कधी कधी जास्त मासळीसाठी खारं पाणी हवं त्यापेक्षा जास्त आत घेतो, भातकरी ओरडतो. तुम्हाला सांगायचं एवढंच की बांध बांधाल तर बाहेरच्या तिवरांना हात लावू देऊ नका. ठेकेदार माती जवळची म्हणून तिथलीच उचलतो आणि त्या खड्ड्यातनंच पुढच्या उधाणाला बांध खचतो.

खाडीकाठची

सगळे शेतकरी आणि पक्षीवाले बोलले, आता आमचं ऐका. आमच्या नावावर एक गुंठा नाय. माझी आई चाळीस वर्षं निवट्या, चिंबोऱ्या, खुबे काढून बाजारात विकते. सुकतीला कंबरेएवढ्या चिखलात जायचं, बिळात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली चिंबोरी नांगी कशी धरून बसलीय ते बोटाने ओळखायचं, चुकलं तर बोट जातं. तिच्या उजव्या अंगठ्याला नख नाय. खाडीत मोठमोठे बार्ज सुरू झाले, पाणी गढूळ, तेलकट, तेव्हापासून मासळी कमी झाली होती. खांड पडल्यावर आतल्या तिवरांत बोयटं, कोलंबी, चिंबोरी परत मिळायला लागली. गावात ज्यांची शेतं बुडाली त्यांना वाईट वाटलं, आमच्या घरी त्या वर्षी चूल नीट पेटली हे पण खरं आहे.

पण दहा_गुंठे भाऊ बोलले ते विहिरीचं, ते मला मान्य आहे. आमच्या विहिरीची पण तीच गत. पाण्याच्या रांगेत मीच असते. म्हणून मला विचाराल तर मागचा बांध झालाच पाहिजे, विहीर आणि तळी वाचली पाहिजेत. पुढची खाडी बंद करू नका. आणि बैठकीला आम्हाला बोलवा, गावकीत आमच्या घरांना विचारत नाहीत कारण जमीन नाही म्हणून. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतनं लोकांना कांदळवन दाखवतात, पैसे मिळवतात. आमच्या बायका पण दाखवतील, आम्हाला प्रत्येक बीळ माहीत आहे.

दहा_गुंठे

ताई तुमचं पटलं. तुमच्यासारख्यांचं मी आधी लक्षात घेतलं नव्हतं हे कबूल करतो. तरी माझी भूमिका बदललेली नाही. बांध मागे घ्यायचा म्हणजे कोणाच्या तरी शेताच्या मागे घ्यायचा. रेष ज्याच्या मागून गेली तो गेला. आज ज्यांची पुढची खाचरं आहेत ते बहुतेक अल्पभूधारक, मोठ्यांची जमीन मागे गोड्या भागात आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशी खारेपणा सोसणारी भाताची वाणं दिलीत, खांड बुजली तर दोन-तीन पावसाळ्यांत जमीन परत धुवून निघते आणि या वाणांचं पीक निघू शकतं. म्हणजे जमीन मेलेली नाही, तिला मेलेली ठरवतायत. जिथे तिवरं दाट आहेत ती तोडा असं मी म्हणत नाही. पण जिथे अजून मोकळं आहे, सोनचिखल्या साहेबांना जे शेकाट्यांसाठी पाहिजे, तीच जमीन सगळ्यात लवकर शेतीला परत येऊ शकते. भांडण खरं त्या मोकळ्या तुकड्याचं आहे.

सोनचिखल्या

हे तुम्ही बरोबर पकडलंत, भांडण त्या तुकड्याचंच आहे, आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. एक बघा, पावसाळ्यात भाताला ती जमीन लागते आणि हे पक्षी येतात ते बहुतेक ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. कापणीनंतर उघाडीतून थोडं पाणी आत घेऊन घोटाभर ठेवता येईल का? मानशीकडच्यांनी सांगितलं तसं.

दहा_गुंठे

कापणीनंतर खारं पाणी घेतलं तर पुढच्या पावसाला ते धुवून निघेल का हे आधी एका खाचरात करून बघायला लागेल. माझ्या नाही, ज्याची तयारी असेल त्याच्या. आणि नुकसान झालं तर ते कोण देणार हे आधी लिहून पाहिजे.

खारेपाटचा_पोर

बैठक झाली. उशिरा लिहितोय. खाडीकाठची ताई आणि आणखी सहा बायका आल्या होत्या, पहिल्यांदाच. खूप आवाज झाला, माझ्या सख्ख्या काकाने मला सांगितलं की पगारावर जगणाऱ्याने जमिनीबद्दल बोलू नये. मी गप्प बसलो, कारण त्याची साडेतीन एकर पाण्याखाली आहे आणि माझ्या वाटणीला अर्धा एकर येतो.

काही ठरलं नाही, एवढंच ठरलं की येत्या अमावस्येच्या उधाणाला पाणी कुठपर्यंत चढतं तिथे खुंट्या मारायच्या. नकाशावर रेषा मारायच्या आधी पाण्याची रेषा बघायची. कुठे तिवर दाट, कुठे विरळ, कुठे मोकळं ते सगळं खाचरानुसार लिहून काढायचं, कोणाचं नाव सातबारावर आणि कोण तिथे निवट्या काढतं ते पण. वकिलीण ताईंनी सांगितलेले कागद मी जमवायला घेतलेत, पहिला अर्ज माझ्या वडिलांच्या ट्रंकेत मिळाला, पोचपावतीसकट.

दहा_गुंठे, तुम्ही जवळच आहात तर या उधाणाला. रात्रीची भरती आहे, बॅटरी आणि गमबूट आणा.

दहा_गुंठे

येतो. वडिलांना पण आणतो, त्यांना जुने बांध कुठून कुठे होते ते पाठ आहे. पण कोणाच्या खाचरात खुंटी मारायच्या आधी त्याला विचारायचं, तो गावात नसला तर फोन करून.