भांडी वाजवून कोयोट पळतो, पण आमच्याकडे

एकांनी अमेरिकेतल्या कोयोटबद्दल (लांडग्याच्या कुळातला, पण लहान प्राणी) लिहिलंय, की अंगणात दिसला तर हात वर करा, ओरडा, भांडी वाजवा. पळत असेल, १०-१५ किलोचा प्राणी तो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडे बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, वाघ असतो. खरं तर तोही बहुतेकदा आवाज ऐकून बाजूला होतो. म्हणूनच मोठेबाबा रात्री पाणी द्यायला जाताना काठी आपटत, मोठ्यानं खाकरत चालतात.

घात होतो तो वाकलेल्या माणसाचा. मार्च-एप्रिलात बाया पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात, मग तेंदूपत्ता. खाली वाकलेली बाई मागून चार पायांच्या जनावरासारखीच दिसते. आई आता एकटी जात नाही. चौघी-पाचजणी जातात, त्यातली एक नुसती उभी राहून मोठमोठ्यानं बोलत राहते. (तिला फुलांचा वाटा सारखाच, यावरून भांडणंही होतात.)

बिबट्याचं वेगळं. त्याला गावच आवडतं: कुत्री, डुकरं, उघडा गोठा आणि लपायला झुडपं. यात आपण निदान झुडपं तोडू शकतो, गोठ्याला दार लावू शकतो.

ताडोबा १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, पण आमच्याकडचे वाघ त्याच्या हद्दीबाहेरचे. त्यामुळे ‘जंगलात जाऊच नका’ हा सल्ला इथं चालत नाही, वावरच जंगलाला लागून आहे. मला विचाराल तर कुंपणाआधी मोटारपंपाला दिवसा वीज द्या. या आठवड्यात आमच्याकडे पंपाची थ्री-फेज वीज रात्री दहानंतर येते.