मदत हवी आहे: एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) टीम नेमकी बांधतात कशी?

मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो, न्यू यॉर्क जायंट्सचा फॅन आहे, आणि 2024 मध्ये आमचा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) सेक्वॉन बार्कली फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला ते अजून पचलेलं नाही. तिकडे पहिल्याच सीझनला पठ्ठ्याने धावून 2005 यार्ड्स काढले आणि ईगल्सनी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, चीफ्सना 40-22 असं लोळवलं.

आता घरात वाद असा की माझा मेव्हणा म्हणतो हे सगळं ईगल्सची टीम बांधणाऱ्या हॉवी रोझमनचं डोकं, जनरल मॅनेजर (जीएम) असावा तर असा. मला पटतं, पण त्यातला पैशाचा भाग कळत नाही. सॅलरी कॅप (खेळाडूंच्या पगारावरची वर्षाची मर्यादा) सगळ्या टीम्सना सारखीच, 2024 ला साधारण 255 मिलियन डॉलर, मग एकाच टीमला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) हर्ट्स, रिसीव्हर (बॉल झेलणारा) ब्राऊन, बार्कली आणि वर एवढी भक्कम ऑफेन्सिव्ह लाईन (त्यांच्यासाठी समोरच्यांना अडवणारे) कशी परवडली? साइनिंग बोनस (करार करताना मिळणारी रक्कम) कॅपवर जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागता येतो आणि त्यासाठी शेवटी व्हॉइड वर्षं (करारातली नुसती कागदावरची वर्षं) जोडतात एवढं वाचलंय, पण ते पैसे कधीतरी कॅपवर येणारच ना, मग ही उधारी कुठपर्यंत चालते?

दुसरं म्हणजे ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) हर्ट्स दुसऱ्या राउंडचा, ईगल्सच्या लाईनमधला मायलाटा तर सातव्या राउंडचा, तोही ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, आधी कधी फुटबॉल खेळलेलाच नाही. उलट रॅम्सनी पहिल्या राउंडचे पिक (निवडीचे हक्क) देऊन क्वार्टरबॅक स्टॅफर्ड आणला आणि त्याच सीझनला सुपर बोल जिंकले. माझं मत अजूनही ड्राफ्ट आणि लाईन आधी, स्टार नंतर. तुम्ही जीएम असता तर कुठून सुरुवात केली असती? कॅपचं गणित कोणी उदाहरण देऊन समजावलं तर फार बरं होईल.