जॅकीचे उडालेले केस: कला की नुसतं नशीब?

कृष्णाकाठ (सांगली): काल इथे जॅकी ओनासिसचा, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या विधवेचा, तो केस उडालेला फोटो टाकून कुणीतरी लिहिलं, 'यात कला कसली, नशिबानं बटण दाबलं गेलं.' लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याच्या डोक्यात हे जाणारच. ऑक्टोबर १९७१, न्यूयॉर्क. नामांकितांच्या मागे फिरून फोटो काढणारा रॉन गॅलेला टॅक्सीतून तिच्या मागावर होता. ड्रायव्हरनं हॉर्न मारला, तिनं वळून पाहिलं. हॉर्न आणि वारा योगायोग, कबूल. पण त्या घटकेला कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, तोही योगायोग? आईनस्टाईनचा जीभ काढलेला फोटो घ्या. १९५१, वाढदिवसाचा कार्यक्रम उरकून गाडीत बसलेला, दोन्ही बाजूंना माणसं. आपण बघतो तो कापलेला तुकडा, आणि तसल्या प्रती त्यानं स्वतः मित्रांना पाठवल्या. काय ठेवायचं आणि काय छाटायचं हे नशीब ठरवत नाही.

पोवईनाका: लिहिणारा मीच. कला म्हणू नका, पाठलाग म्हणा. कोर्टानं गॅलेलाला जॅकीपासून लांब राहायला बजावलं होतं. १९७३ ला हॉलिवूडचा नट मार्लन ब्रँडोनं त्याचा जबडा मोडला, पाच दात पाडले. मला ब्रँडो पटतो. आणि जॅकीच्या जागी आमची मावशी असती तर? साताऱ्याच्या स्टँडवर रोज केस उडतात तिचे.

कृष्णाकाठ: मावशीचा फोटो टाका, मग बोलू.

हळदपेठ: लांब कशाला जाता? १८ ऑक्टोबर २०१९, साताऱ्यात पवारसाहेब पावसात. मी तिथं होतो. शेजारचा प्रेसवाला लेन्सवर कॅरीबॅग चढवून उभा, बाहीनं काच पुसायचा की परत डोळा लावायचा. मी मोबाईल खिशात घालून आडोसा गाठला. तो फोटो घरोघर पोचला, पण काढणाऱ्याचं नाव सांगा बघू कुणी!

पोवईनाका: तो कॅन्डिड, म्हणजे नकळत टिपलेला? स्टेजवर नेता, समोर कॅमेऱ्यांची रांग, तीन दिवसांवर मतदान. छत्री नको म्हणणाऱ्याला कळत नसतं होय?

हळदपेठ: मग पाऊसपण त्यांनीच मागवला म्हणा की! पोटनिवडणुकीत पडलेल्यांच्या पोटात अजून दुखतंय.

पोवईनाका: मी कुणाचा नाही. उगाच झेंडे चिकटवू नका.

विश्रामबाग: कॅन्डिड म्हणजे काय ते मला विचारा. बहिणीच्या लग्नात कॅन्डिडवाल्यानं वेगळे पैसे लावले आणि वर सांगतो काय, 'ताई, नकळत हसा.' पाठवणीला आई रडली तेव्हा हा गडी बॅटरी बदलत होता. मग म्हणाला, 'काकू, परत एकदा.' आणि आई रडली पण परत!

कृष्णाकाठ: एका नगावरून धंद्याला नावं ठेवू नका. अंतरपाट खाली येतो तेव्हा नवरीची नजर क्षणभरच वर जाते. त्या क्षणासाठी आम्ही तासभर गुडघ्यावर. आणि नेमका मध्ये मामा मोबाईल घेऊन उभा! वर अल्बम न्यायला आले की 'बाकीचं बघू नंतर.'

हळदपेठ: मामाला दोष देऊ नका, भाचीचं लग्न आहे त्याच्या. स्टेजवर तुमचीच चार माणसं, वर ड्रोन. अक्षता टाकायच्या कुणाच्या डोक्यावर? मागं बसलेल्यांना नवरा दिसला तो थेट जेवणाच्या पंगतीत.

कृष्णाकाठ: ड्रोन पाव्हण्यांनाच हवा असतो हो! नाही आणला तर 'स्वस्तातला फोटोग्राफर केला' म्हणून भावकीत चर्चा.

पोवईनाका: धागा जॅकीवर होता, आठवतंय का? बरं, फोकस तुमचा, कात्री तुमची, मान्य. पण चेहरा तिचा. त्यावर गॅलेलानं जन्मभर कमावलं, तिला काय मिळालं? कोर्टाच्या फेऱ्या.

कृष्णाकाठ: हे बरोबर आहे. पण वाईट वागणाऱ्याचा फोटो वाईटच असतो, हे कुठल्या शाळेत शिकलात?

पोवईनाका: ज्या शाळेत विचारून फोटो काढायला शिकवतात.

विश्रामबाग: तुमचं चालू द्या. आईचा तो दुसऱ्यांदा रडतानाचा फोटो हॉलमध्ये लावलाय. येणारा जाणारा म्हणतो, काय नॅचरल आलाय!

कृष्णाकाठ: बघा! आणि त्या गड्याची बाकी दिली का?

विश्रामबाग: ॲडव्हान्स दिला होता.