गॅलापागोस: पर्यटकाची खाट पाण्यावर असावी की जमिनीवर?

समुद्रफूल (धागाकर्ती)

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं गॅलापागोसला जाऊन आलो. आठ दिवस, सोळा प्रवाशांचं छोटं जहाज, पश्चिमेकडच्या बेटांचा मार्ग. माणशी साडेपाच हजार डॉलर लागले, विमानाचं भाडं वेगळं. परत आल्यापासून घरात एकच वाद चालू आहे. धाकटी बहीण म्हणते, "बेटावर एखाद्या घरात राहिली असतीस तर निम्म्यात झालं असतं, आणि तिथल्या माणसांना चार पैसे मिळाले असते." मला तिचं म्हणणं पटत नाही. का पटत नाही ते इथे मांडते, तुम्ही खोडून काढा.

ही बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला आहेत. ज्वालामुखीतून समुद्रात वर आलेली, कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नसलेली. तिथे जे काही पोहोचलं ते वाहत, पोहत किंवा उडत आलं. जमिनीवरचे शिकारी सस्तन प्राणी आलेच नाहीत, म्हणून तिथले पक्षी आणि इग्वाना (मोठे सरडे) माणसाला बघून पळत नाहीत. १९५९ साली जवळपास ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान झाली. माणसांची वस्ती मोजक्या बेटांवर: सांताक्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि फ्लोरेआना.

धोका बाहेरून येणाऱ्या गोष्टींचा आहे. शेळ्या आल्या, त्यांनी कासवांचा चारा संपवला. फिलॉर्निस नावाची माशी आली, तिच्या अळ्या फिंच पक्ष्यांच्या घरट्यात पिल्लांचं रक्त पितात. खारफुटीतला फिंच आता सारे मिळून शंभराच्या आसपास उरलाय. जमिनीवर एक हॉटेल वाढलं की भाजीचे खोके वाढतात, सिमेंट वाढतं, सांडपाणी वाढतं, आणि प्रत्येक खोक्यातून एखादं बी, एखादी मुंगी येऊ शकते. जहाजातला पर्यटक जमिनीवर झोपत नाही, शिजवत नाही, काही मागे ठेवत नाही. उतरण्याआधी आमच्या चपलांचे तळ धुतले जायचे. सोळा जणांमागे एक परवानाधारक मार्गदर्शक, आखलेल्या पायवाटेबाहेर पाऊल नाही, प्राण्यापासून दोन मीटर अंतर, संध्याकाळी सहाच्या आत परत जहाजावर.

फर्नांदिना बेटावरची सकाळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. जहाज रात्रभर चालत होतं. उजाडताना रबरी होडीतून (तिथे तिला पांगा म्हणतात) पुंता एस्पिनोसाला उतरलो. काळ्या दगडावर शेकडो समुद्री इग्वाना एकमेकांच्या अंगावर पाय टाकून उन्हाची वाट बघत पडलेले. मधूनच एखादा नाकातून फुर्रकन मीठ उडवायचा. पलीकडे न उडणारा पाणकावळा आपले खुरटलेले पंख पसरून वाळवत उभा. उडायचंच नाही, पण पंख वाळवायची सवय सुटलेली नाही. या बेटावर माणसाने आणलेला एकही सस्तन प्राणी नाही, उंदीरसुद्धा नाही. तिथे मुक्काम करता येत नाही, हॉटेल नाही, गाव नाही. मुक्कामी जहाजानेच जायचं. हे असंच राहावं असं मला मनापासून वाटतं.

---

कोकणातला

ताई, सकाळचं वर्णन वाचून तिथे जावंसं वाटलं. पण मुद्द्याला माझा विरोध आहे, आणि तो ऐकीव नाही. २०१९ मध्ये मी इसाबेलाच्या पुएर्तो विल्यामिल गावात नऊ रात्री एका घरात राहिलो. वाळूचे रस्ते, धक्क्याच्या बाकावर पसरलेले सीलायन, संध्याकाळी नारळाच्या दुधातली मासळी. आमच्या घरची आमटी आठवली.

ज्या बाईंच्या घरी राहिलो त्या सांगायच्या, जहाजातली माणसं सकाळी येतात, पाणथळीतले फ्लेमिंगो बघतात, एखादी टोपी घेतात आणि जेवायला जहाजावर परत. दुकानदार, टॅक्सीवाला, खानावळवाली यांच्या हातात काय पडतं? तुमच्या साडेपाच हजारांतला किती भाग त्या गावात पोहोचला, विचारून बघा. २०२५ साली इक्वेडोरमध्ये महिन्याचं किमान वेतन ४७० डॉलर होतं. म्हणजे तुमचं एकटीचं तिकीट हे तिथल्या माणसाचं जवळजवळ वर्षाचं वेतन.

आणि गावाला वाटा मिळाला नाही तर काय होतं तेही घडून गेलंय. १९९५ च्या जानेवारीत समुद्रकाकडी (समुद्रतळावरचा एक मऊ प्राणी) पकडण्यावरच्या बंदीने चिडलेल्या मच्छीमारांनी चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राला घेराव घातला, कासवांना मारण्याची धमकी दिली. त्यांच्या दृष्टीने कासव परक्यांचं होतं. आमच्या रत्नागिरीत वेळासला कासवं का वाचली? घराघरात पाहुणे उतरायला लागले, पिल्लं समुद्रात जाताना बघायला आलेल्या माणसाचं जेवण गावच्या चुलीवर शिजायला लागलं, म्हणून. अंडी खणून नेणारेच राखणदार झाले. राखणारा माणूस बेटावर राहतो, केबिनमध्ये नाही.

---

समुद्रफूल

वेळासचं उदाहरण मोलाचं आहे, पण ते तिथे लागू पडत नाही असं मला वाटतं. वेळासचं गाव शेकडो वर्षं तिथे आहे. गॅलापागोसची लोकसंख्या १९५० साली दीड हजारही नव्हती, २०२२ च्या जनगणनेत ती साडेअठ्ठावीस हजार भरली. ही वाढ मुख्यतः पर्यटनाच्या ओढीने. म्हणूनच १९९८ च्या विशेष कायद्याने खुद्द इक्वेडोरच्या नागरिकांनाही तिथे कायमचं राहायला जाण्यावर बंधन घातलं.

आकडे बघा. १९७९ मध्ये वर्षाला १२ हजारांच्या आसपास पर्यटक यायचे. २०२३ मध्ये सव्वातीन लाखांच्या वर आले. जहाजांच्या खाटांवर मर्यादा आहे, कुठल्याही जहाजावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत. मग ही सगळी वाढ गेली कुठे? जमिनीवर. युनेस्कोने २००७ मध्ये या बेटांना धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं, तेव्हा बेसुमार पर्यटन, स्थलांतर आणि बाहेरून येणाऱ्या प्रजाती हीच कारणं दिली होती. २०१० मध्ये नाव काढलं, पण कारणं गेलेली नाहीत.

---

इंजिनरूम

मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली, त्यामुळे "काही मागे ठेवत नाही" हे वाक्य वाचून थांबलो. जहाज मागे काहीच ठेवत नाही असं होत नसतं. मुख्य इंजिन बंद असलं तरी जनरेटर चोवीस तास चालू असतो: एसी, फ्रीज, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र. सोळा प्रवाशांमागे आठ-दहा खलाशी, त्यांचंही सांडपाणी. नांगर तळावर पडतो, साखळी घासते. बुडाला चिकटून जीव एका खाडीतून दुसरीकडे जातात. रात्री डेकवरच्या दिव्यांना किडे येतात, आणि पहाटे जहाज दुसऱ्या बेटाजवळ उभं असतं. तुम्ही फिलॉर्निस माशीचं लिहिलंत ना ताई? अशी माशी एका बेटावरून दुसऱ्यावर कशी जात असेल? संशोधकांनी होड्यांच्या दिव्यांवर बसणारे किडे मोजलेत तिथे.

आणि जानेवारी २००१ विसरू नका. जेसिका नावाचा तेलवाहू टँकर सान क्रिस्तोबालच्या बंदराच्या तोंडाशीच अडकला आणि फुटला. त्यातलं डिझेल बेटांसाठी होतं, पण जाड बंकर तेल (जहाजाच्या इंजिनाचं इंधन) पर्यटकांच्या एका जहाजासाठी चाललं होतं. वारा आणि प्रवाह अनुकूल होते, तेल बरंचसं बाहेर वाहून गेलं, सगळ्यांना वाटलं थोडक्यात निभावलं. पुढच्या वर्षभरात सांता फे बेटावरचे ६२ टक्के समुद्री इग्वाना मेले. किनाऱ्यावर डोळ्यांना दिसेल असं तेल फारसं नव्हतं, तरी. ते शेवाळ खातात, आणि ते पचवणारे आतड्यातले जीवाणू तेलाच्या अंशाने मेले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज होता. पोट भरलेलं आणि जीव उपाशी.

मी जहाजाच्या विरोधात नाही, माझं घर त्यावर चाललंय. पण जमिनीवरचं सांडपाणी दिसतं, त्यावर ओरड होते. पाण्यातलं दिसत नाही एवढंच.

---

काळा पाषाण

वादात पडत नाही, दगडाबद्दल मात्र लिहितो, कारण त्याच्याशिवाय हे सगळं कळत नाही. बेटांखाली एक तप्त स्थान आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येते अशी जागा, आणि त्यावरून नाझ्का भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा) पूर्वेकडे सरकतोय. त्यामुळे पश्चिमेची बेटं कोवळी आणि जागी, पूर्वेची म्हातारी आणि झिजलेली. एस्पानोला तीस लाख वर्षांहून जुनं. फर्नांदिनाचा ला कुम्ब्रे ज्वालामुखी २०२४ च्या मार्चमध्ये उसळला आणि लाव्हा पुढे समुद्रापर्यंत पोहोचला. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट अशाच एका तप्त स्थानाशी जोडला जातो, फक्त तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि ते स्थान आता रियुनियन बेटाखाली. राजगड चढताना ज्या थरांवर पाय ठेवतो त्यांचं तान्हेपण बघायचं असेल तर फर्नांदिनाला जावं. दोरखंडासारखा पीळ पडलेला लाव्हा तिथे अजून ताजा दिसतो.

विषुववृत्तावर पेंग्विन राहतात तेही याच पश्चिम टोकाला. खोलातून पूर्वेकडे वाहणारा क्रॉमवेल प्रवाह या बेटांच्या भिंतीवर आपटून थंड, अन्नाने भरलेलं पाणी वर आणतो. १९८२–८३ च्या एल निनोत ते पाणी तापलं, आणि तीन चतुर्थांशाहून जास्त पेंग्विन गेले.

---

पानगळ

दोन्ही बाजू वाचल्या आणि तिसरी मांडते: जाऊच नका. मुंबईहून इक्वेडोरची राजधानी किटो एका बाजूने सोळा हजार किलोमीटर. खाट पाण्यावर की जमिनीवर हा प्रश्न विमानात बसल्यानंतरचा आहे. वरचा प्रतिसाद वाचून पेंग्विनांची काळजी वाटली असेल, तर समुद्र कशाने तापतोय याचाही विचार करा.

अंदमानातलं नारकोंडम बघा. तेही ज्वालामुखीचं बेट, जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त तिथेच. पर्यटकांना तिथे मुक्तपणे जाता येत नाही. धनेशाचं काही अडलं नाही.

---

समुद्रफूल

पानगळ, हा मुद्दा मला टोचतो, आणि माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. एवढंच सांगते: नारकोंडमभोवती देशाची यंत्रणा पहारा देते. गॅलापागोसचं सागरी राखीव क्षेत्र १ लाख ३० हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथे एक चिनी जहाज पकडलं, पोटात ६ हजारांहून जास्त शार्क. अशा गस्तीला पैसा लागतो. परदेशी प्रौढ पर्यटकाचं प्रवेशशुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून १०० वरून २०० डॉलर केलं ते अशाच कामांसाठी. एस्पानोलावर फक्त चौदा कासवं उरली होती. त्यांना सांताक्रूझला आणलं, सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला एक नर मिळाला, जवळपास दोन हजार पिल्लं वाढवून बेटावर सोडली, आणि २०२० च्या जूनमध्ये ती पंधरा म्हातारी कासवं घरी परत गेली. पर्यटकच नसते तर हे कुणी केलं असतं?

---

पानगळ

शेळ्या हटवायची मोठी मोहीम, प्रोजेक्ट इसाबेला, १९९७ ते २००६, हेलिकॉप्टरवरूनही गोळ्या घालून दीड लाखाच्या आसपास शेळ्या मारल्या. तिच्या पैशाचा मोठा भाग जागतिक पर्यावरण निधीतून आला, तिकिटातून नव्हे. २०२३ मध्ये इक्वेडोरच्या दीड अब्ज डॉलरहून जास्त कर्जाची फेररचना झाली, तीही या बेटांच्या संरक्षणाच्या बोलीवर. पर्यटक न होताही पैसे देता येतात. मी दरवर्षी देते, थोडे.

---

आजोळ

मध्येच विचारते. आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, पण कासव बघायची तिची फार इच्छा. जहाज झेपेल का?

---

इंजिनरूम

पश्चिमेचा मार्ग नको. पांग्यातून ओल्या दगडावर पाय टाकावा लागतो, कुठे गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, आणि सप्टेंबरच्या आसपास समुद्र जास्त उसळतो. छोटं जहाज रात्री जास्त डोलतं. आईंना सांताक्रूझच्या डोंगरउतारावर न्या, महाकाय कासवं तिथे कुरणात चरताना सहज दिसतात. गावातच राहा. या एका बाबतीत मी कोकणातल्याच्या बाजूने.

---

समुद्रफूल

आजोळ, हेच बरोबर. मीही आईला नेलं असतं तर गावातच राहिले असते.

इंजिनरूम, तुमचा प्रतिसाद आल्यावर आमच्या जहाजाच्या कंपनीला मेल केला: सांडपाणी कुठे सोडता, जनरेटर रात्री किती तास, डेकचे दिवे कोणते. आठ दिवस त्या जहाजावर होते आणि यातलं काही विचारायचं सुचलं नव्हतं. उत्तर आलं की इथे टाकते. जमिनीवर नवी हॉटेलं नकोत हे मत अजून तसंच आहे.

---

कोकणातला

टाका नक्की. तुमचा धागा वाचून काल त्या विल्यामिलच्या बाईंना फोन केला. त्यांचा धाकटा मुलगा आता परवानाधारक मार्गदर्शक झालाय. सोळा खाटांच्या जहाजावर. महिन्यातले तीन आठवडे घरी नसतो. त्याच्या पगारातून त्यांनी वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या चढवायला घेतल्यात, सिमेंट मुख्य भूमीवरच्या ग्वायाकिलहून येतंय.