टेस्ट मास्टर, ड्रग मास्टर बदलायचे राइट्स तुमच्याकडे कोणाकडे असतात?

घोडबंदर_आयटी (ठाणे)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या एका मध्यम हॉस्पिटलचं एचआयएस, म्हणजे हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर, मी सांभाळतो. मास्टर म्हणजे त्यातली प्रत्येक टेस्टची किंवा औषधाची मूळ नोंद. काय घडलं ते आधी सांगतो.

रात्री कॅज्युअल्टीत धाप लागलेला पेशंट आला. डी-डायमरचा (रक्तात गुठळी असल्याचा संशय तपासायची टेस्ट) रिपोर्ट ०.८, युनिट नॅनोग्रॅम प्रति मिली, शेजारी 'हाय'. ड्यूटीवरच्या आरएमओ (निवासी डॉक्टर) मॅडमना खटकलं. नॅनोग्रॅममध्ये मर्यादा साधारण ५०० असते, मग ०.८ हाय कसं? त्यांनी लगेच लॅबला फोन लावला. मशीनवरचा आकडा बरोबर होता, पण मायक्रोग्रॅममध्ये. एचआयएसच्या मास्टरमध्ये युनिट बदललेलं होतं.

दुपारी बिलिंगमधून त्या टेस्टचा रेट बदलला होता. आमच्याकडे रेट, सॅम्पल, युनिट, रेंज सगळं एकाच स्क्रीनवर आहे. युनिटच्या ड्रॉपडाउनवर क्लिक झालेलं असताना माउसचं चाक फिरलं की पुढचं युनिट आपोआप निवडलं जातं. मग सेव्ह केलं की झालं. त्या मुलाला मी बोल लावणार नाही. रेट बदलायला आलेल्या माणसासमोर युनिट का ठेवायचं? लॉग उघडला तर नाव फक्त 'ॲडमिन'. तो पासवर्ड बिलिंग, फार्मसी, स्टोअर सगळ्यांना पाठ आहे.

मॅनेजमेंट म्हणतंय, सगळे राइट्स आयटीकडे घ्या. मला ते पटत नाही. डी-डायमरची रेंज बरोबर की चूक हे मी कशावरून ठरवू? तुमच्याकडे कसं चालतं?

कोपरखैरणे_इम्प्लिमेंटेशन

सर्वांत आधी तो सामायिक ॲडमिन बंद करा. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. केंद्राच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांतही ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याची नोंद, आहे, आणि 'ॲडमिनने बदललं' याला ऑडिट म्हणत नाहीत.

ओपनएमआरएस या ओपन सोर्स हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्ये 'मॅनेज कन्सेप्ट्स' ही परवानगी वेगळी आहे (कन्सेप्ट म्हणजे टेस्ट, औषध वगैरेंची मूळ नोंद), शिवाय सगळे कन्सेप्ट लॉक करायचं सेटिंगही आहे. वापरात असलेली नोंद डिलीट न करता कारण लिहून रिटायर करतात, म्हणजे जुनी नोंद राहते पण पुढे वापरता येत नाही. हे तुमच्या व्हेंडरकडेही मागा.

लॅब_नेरूळ

दादा, तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. मी लॅब इन्चार्ज आहे आणि या बाबतीत मी अजिबात मागे हटत नाही. रिपोर्टवर ज्यांची सही, त्यांच्या मंजुरीशिवाय युनिट आणि रेंज हलता कामा नये. आमच्याकडे बदल मी भरते, पॅथॉलॉजिस्ट मॅडम मंजूर करतात, तोवर जुनीच नोंद चालू राहते. कारण लिहिल्याशिवाय सेव्ह होत नाही. कारणात 'अपडेट' एवढंच लिहिलं तर मॅडम परत पाठवतात: कोणतं किट, कोणत्या इन्सर्टप्रमाणे (किटसोबतचं माहितीपत्रक), कोणत्या तारखेपासून, सगळं हवं. आयटीकडे आमच्या मास्टरचे राइट्स नाहीत, त्यांचं काम हे कुलूप नीट चालतंय का ते पाहणं. रेट वेगळ्या टॅरिफ मास्टरमध्ये आहे, बिलिंगला युनिट दिसतही नाही.

आता एक गोष्ट आजच तपासा. मागच्या वर्षीचा एखादा रिपोर्ट पुन्हा प्रिंट करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रिझल्ट जुना, पण रेंज आणि युनिट मास्टरमधून आत्ताचं उचललं जातं. टीएसएचचं (थायरॉइडची टेस्ट) किट बदललं, रेंज बदलली, की तेव्हा नॉर्मल असलेला पेशंट रिप्रिंटवर 'हाय' दिसतो. तोच कागद घेऊन तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, गोळी सुरू होते. रिझल्ट ज्या दिवशी मंजूर झाला त्या दिवशीचं युनिट आणि रेंज रिझल्टसोबतच साठवायला हवं.

डी-डायमरमध्ये आणखी एक फरक आहे, एफईयू आणि डीडीयू, म्हणजे आकडा मोजायच्या दोन पद्धती. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो. लॉइंकमध्ये (लॅब टेस्टच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) दोघांचे कोडही वेगळे आहेत. नवं किट डीडीयूमध्ये रिपोर्ट देत असेल तर जुन्या टेस्टमध्ये बदल करू नका. जुनी रिटायर करा, नवी टेस्ट उघडा. नाहीतर ट्रेंडच्या ग्राफवर पेशंट एका रात्रीत निम्मा बरा झालेला दिसेल.

वाशी_फार्मसी

ताईंचं लॅबपुरतं मान्य. पण फार्मसीत सरसकट कुलूप लावलंत तर गैरप्रकार थांबत नाहीत, लपतात. रात्री अकराला डिस्ट्रिब्युटरकडून नेहमीचा ब्रँड नाही म्हणून दुसरा आला आणि मास्टरमध्ये तो नसेल, तर काउंटरवरचा मुलगा काय करतो? नातेवाईक समोर उभे असतात. तो मिळत्याजुळत्या नावावर बिल फाडतो. मग बॅच चुकीची, एक्स्पायरी चुकीची. कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर ती कोणाला गेली ते सापडत नाही.

आमच्याकडे रात्रीच्या फार्मासिस्टला तात्पुरती नोंद करता येते. जेनेरिक आणि स्ट्रेंथ आधीच्या यादीतूनच निवडायची, फक्त ब्रँडचं नाव नवं. असलेली नोंद त्याला बदलता येत नाही. सकाळी चीफ फार्मासिस्ट बघतात, पक्की करतात किंवा आधीच्या नोंदीला जोडतात. पोटॅशियम क्लोराइड, हेपरिन, इन्सुलिन अशा धोक्याच्या औषधांना ही सवलत नाही. तिथे चीफना झोपेतून उठवायचं, त्यात संकोच नको.

घोडबंदर_आयटी (ठाणे)

सर्वांचे आभार. ताई, तुम्ही सांगितलेला रिप्रिंट काढून बघितला. जुन्या रिपोर्टवर आजचीच रेंज येतेय. पॅथॉलॉजिस्ट सरांना दाखवल्यावर त्यांनी लगेच व्हेंडरला मेल करायला सांगितलं. व्हेंडर म्हणतो स्क्रीनमधली फील्ड वेगळी करायला पुढचं व्हर्जन लागेल. तोवर काय करू?

लॅब_नेरूळ

तोवर बिलिंगला ती स्क्रीन फक्त बघण्यापुरती ठेवा. रेटचे बदल त्यांनी एका शीटवर द्यायचे, लॅबच्या माणसाने शांत वेळी भरायचे आणि सेव्ह केल्यावर दुसऱ्याने युनिट-रेंज पुन्हा वाचायची. आणि रेंज बदलायचीच वेळ आली, तर आधीचे रिपोर्ट पीडीएफ करून ठेवल्याशिवाय हात लावू नका.